शिकवलं की आपली किंमत कमी होते? कारखान्यातल्या जाणत्या माणसांबद्दल

खाडीकाठ | १२ जून, रात्री ९.४०

हंगाम आटोपत आला, म्हणून आज जरा निवांत बसून लिहिते आहे. लांबेल, पण मला खरंच मदत हवी आहे.

मी रत्नागिरीजवळच्या एका फळप्रक्रिया कारखान्यात मनुष्यबळ विभाग बघते. विभाग म्हणजे मी आणि हजेरी-पगार सांभाळणारा एक मुलगा. कायम कामगार नव्वदेक, एप्रिल ते जून हंगामी माणसं धरून तीनशेच्या वर. मुख्य काम हापूसचा पल्प डब्यात भरण्याचं.

डब्याला झाकण ज्या यंत्रावर बसतं तो सीमर. झाकणाची कड आणि डब्याची कड एकमेकींत दुमडतात. पहिला रोलर दुमड घालतो, दुसरा ती आवळून बसवतो. त्यात केसभर फरक पडला तरी डबा बाहेरून छानच दिसतो, आणि थंड होताना आत हवा-पाणी ओढून घेतो. आमच्याकडे हे यंत्र एकोणतीस वर्षं एकाच फिटरकाकांच्या हातात होतं. जानेवारीत ते निवृत्त झाले. शाल, श्रीफळ, भिंतीवरचं घड्याळ, भाषणं, सगळं रीतसर झालं.

मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात, कॅनिंगचा आंबा नुसता ओतत असताना, सीम, म्हणजे ती दुमडलेली कड, कापून मोजली तर आतली पकड कमी भरायला लागली. नवी दोन पोरं आयटीआय झालेली, हुशार, कष्टाळू. रात्रभर यंत्राचं पुस्तक उघडून बसली. साडेनऊ तास लाइन बंद आणि बाहेर पिकलेल्या आंब्याच्या क्रेटची रांग. पिकलेला आंबा कुणासाठी थांबत नाही, हे इथल्यांना वेगळं सांगायला नको.

सकाळी काकांकडे गाडी पाठवली. ते आले, यंत्र रिकामं फिरवून ऐकलं, एका डब्याच्या कडेवरून अंगठा फिरवला आणि डबा वर उचलणाऱ्या तबकाचा दाब थोडा वाढवला. पंचवीस मिनिटांत लाइन सुरू.

चहा पिताना मी विचारलं, "काका, हे पोरांना का नाही हो शिकवलंत?" ते शांतपणे म्हणाले, "मॅडम, एकोणतीस वर्षांत कोणी म्हणालं का शिकवा म्हणून? आणि शिकवलं असतं तर मला एवढी वर्षं ठेवलं असतंत?"

मला उत्तर देता आलं नाही. पाच वर्षांपूर्वी एका बॉयलर अटेंडंटने आपल्या हाताखालच्या पोराला तयार केलं, आणि सहा महिन्यांत त्या अटेंडंटला पॅकिंगला टाकलं. ते पत्र माझ्याच सहीने गेलं होतं. कारखान्यातल्या प्रत्येकाने ते बघितलं आहे.

आता मालकांनी मला योजना मांडायला सांगितली आहे. अकाउंट्सचं म्हणणं, कामातली एक युक्ती लिहून द्या आणि पाचशे रुपये घ्या. मागे आम्ही बेचाळीस पानांची कार्यपद्धती लिहून काढली होती, ती कपाटात आहे. पैशाने हे होईल का? तुमच्याकडे काय केलं, काय जमलं, काय फसलं, ते सांगा.

बोंडू | १२ जून, रात्री ११.०५

ताई, माझा वेंगुर्ल्याकडे छोटा काजू कारखाना आहे, बावीस बायका. मालकाच्या बाजूनेही थोडं सांगतो. शिकवून तयार केलेलं माणूस चार पैसे जास्त मिळाले की पलीकडच्या कारखान्यात जातं, ही भीती खोटी नाही. माझ्या दोन बाया अशा गेल्या.

पण माझी खरी चूक दुसरीकडे होती. आमच्याकडे सोलाईला किलोवर मजुरी. एक मावशी आहेत, त्यांच्या हातून अख्खा गर निघतो, तुकडा जवळजवळ नाहीच. बाजारात अख्ख्या गराची किंमत आणि तुकड्याची किंमत यात किती अंतर आहे ते काजूवाल्यांना माहीत. नवीन मुलगी आली की मी त्यांच्या शेजारी बसवायचो आणि म्हणायचो, "मावशी, जरा दाखवा हिला." मावशी दाखवायच्या नाहीत. मला वाटायचं, स्वभाव आखडू. एक दिवस माझ्या बायकोने हिशोब मांडला. ती मुलगी बाजूला बसली की मावशींचे दिवसाला दीड-दोन किलो कमी भरतात. म्हणजे माझ्या कारखान्यासाठी शिकवायचं आणि दंड त्यांनी भरायचा!

तेव्हापासून शिकवायच्या पंधरा दिवसांत मावशींना त्यांच्या मागच्या महिन्याच्या सरासरीवर दिवसाची मजुरी धरतो, किलो मोजत नाही. त्या मुलीच्या तुकड्याचं प्रमाण खाली आलं की वर थोडी रक्कम. मावशी आता स्वतःहून हाक मारतात, "ये गो, अशी धर बी." तुमची पाचशेची योजना मांडायच्या आधी एवढं बघा, की शिकवणाऱ्याचं आज काय बुडतं. ते आधी भरून द्या.

गजालकार | १३ जून, सकाळी ७.१५

माझो आजो देवगडाक तांडेल, म्हणजे मासेमारी बोटीचो मुख्य, होतो. मासो खंय गावता ती जागा तो डोंगराचो सुळको आणि देवळाचो कळस एका रेषेत इलो की ओळखायचो. आता जीपीएसवर नंबर असतत, आणि तांडेल ते जिवापाड जपतत.

पण आजो आपल्या बोटीवरच्या खलाशाक सगळा दाखवायचो. कारण बोटीर वाट्यान काम. मासो जास्त गावलो तर दोघांचोय वाटो वाढता. दुसऱ्या बोटीवाल्याक मात्र चकार शब्द नाय. तुमच्या कारखान्यात त्या काकांचो आणि त्या पोरांचो वाटो एक आसा काय, ह्या पयला बघा.

गुहागर ते हिंजवडी | १३ जून, दुपारी १.२०

गजालकार, हा मुद्दा आमच्या आयटीतही तसाच लागू पडतो. जिथे टीममधल्यांना एकमेकांशी तोलून क्रमांक लावतात, तिथे शेजाऱ्याला शिकवणं म्हणजे स्वतःला खाली ढकलणं. मायक्रोसॉफ्टने अशी क्रमवारी वर्षानुवर्षं चालवली आणि नोव्हेंबर २०१३ मध्ये बंद केली.

खाडीकाठ, पाचशे रुपयांबद्दल मात्र सावध राहा. इन्फोसिसने २००० नंतरच्या सुरुवातीच्या वर्षांत ज्ञान वाटणाऱ्यांना गुण द्यायला सुरुवात केली होती, आणि ते गुण रोख किंवा वस्तूंच्या रूपात वटवता यायचे. लेखांचा पाऊस पडला, पण त्यातलं कामाचं किती, हा प्रश्न उभा राहिला. शेवटी त्यांना पैशाचा भाग कमी करून वाचणाऱ्यांच्या मताला जास्त वजन द्यावं लागलं. २००५ मध्ये बॉक आणि सहकाऱ्यांनी कोरियातल्या कंपन्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यातही बाहेरून मिळणाऱ्या बक्षिसाच्या अपेक्षेने ज्ञान देण्याकडे बघण्याचा कल उलट कमी होताना दिसला. आपण मदत करतो ही भावना जाते आणि दुकान मांडल्यासारखं होतं.

याउलट झेरॉक्सचं उदाहरण मला फार आवडतं. १९८० च्या दशकात ज्युलियन ऑर नावाचा मानववंशशास्त्रज्ञ त्यांच्या कॉपियर दुरुस्त करणाऱ्या तंत्रज्ञांसोबत हिंडला. त्याला दिसलं की अवघड बिघाड सुटतात ते पुस्तकातून नाही, तर सकाळच्या नाश्त्याला एकमेकांना सांगितलेल्या किश्शांतून. पुढे १९९० च्या दशकात त्यांनी युरेका नावाची व्यवस्था उभी केली. तंत्रज्ञाने युक्ती सांगायची, त्याच कामातल्या अनुभवी लोकांनी ती तपासायची आणि मग ती सगळ्यांसाठी खुली करायची. तिच्यासोबत सांगणाऱ्याचं नाव जायचं, रोख बक्षीस नव्हतं. आपल्या नावाने दुसऱ्या देशातला कॉपियर दुरुस्त झाला, हे त्यांना पुरेसं होतं.

तुमच्याकडे काकांचं नाव कुठे लागलंय? शालीच्या पावतीवर सोडून?

दुसरी पाळी | १४ जून, रात्री १२.३०

लोट्याकडच्या एका केमिकल कारखान्यात ऑपरेटर आहे, नाव गाव नको. आत्ताच पाळी संपवून आलो.

वर सगळे युक्त्यांबद्दल बोलतायत. आमच्यात महत्त्वाचं ज्ञान म्हणजे काय चुकलं होतं ते. मी तीन वर्षांपूर्वी एक व्हॉल्व्ह उघडायचा क्रम चुकलो, वेळेत लक्षात आलं, काही झालं नाही. पाळी बदलताना पुढच्या मित्राला सांगितलं आणि प्रामाणिकपणे रजिस्टरमध्येही लिहिलं. तिसऱ्या दिवशी मेमो. तेव्हापासून आमच्या पाळीच्या रजिस्टरमध्ये "सर्व सुरळीत" एवढंच असतं. चूक कुठे होऊ शकते ते आम्ही एकमेकांना कॅन्टीनमध्ये सांगतो, आणि जो नवीन आहे किंवा ज्याला गटात घेतलेलं नाही त्याला कोणीच सांगत नाही. मला त्या नवीन पोरांची काळजी वाटते.

ताई, तुम्ही मनुष्यबळवाल्या आहात म्हणून विनंती करतो. योजना काहीही करा, पण स्वतःहून सांगितलेल्या चुकीवर मेमो निघणार नाही हे आधी लेखी करून घ्या.

खाडीकाठ | १४ जून, सकाळी ६.५०

दुसरी पाळी, तुमचा प्रतिसाद मी दोनदा वाचला. एमी एडमंडसन यांनी १९९० च्या दशकात अमेरिकेतल्या रुग्णालयांत औषध देण्यातल्या चुका मोजल्या, तेव्हा चांगल्या चाललेल्या वॉर्डांत चुकांची नोंद जास्त निघाली. त्या वॉर्डांत चुकीबद्दल बोलता येत होतं, एवढाच फरक. आमच्या गुणवत्ता विभागात दर महिन्याला "शून्य चूक" वाली पाळी निवडून पेढे वाटतात. ते आता थांबवायला सांगणार आहे.

बोंडूदादा, शिकवणाऱ्याचं काय बुडतं हा प्रश्न मी वहीच्या पहिल्या पानावर लिहिला आहे.

कातळ | १४ जून, सकाळी १०.१०

सगळे जुन्या लोकांची बाजू घेताय, म्हणून थोडं वेगळं लिहितो. मी बर्फाच्या कारखान्यात आहे, मिरकरवाड्याला बोटी लागतात तिथून जवळच. आमचे मुख्य ऑपरेटर अमोनियाच्या कॉम्प्रेसरचं काम सुरू केलं की आम्हाला बाहेर पाठवायचे. "जा, चहा सांगून ये." चहा घेऊन आलो की काम झालेलं. पाच वर्षं मी चहाच आणला. त्यांची नोकरी कधीच धोक्यात नव्हती, मालकांचे ते नात्यातले. त्यांना फक्त आम्ही खाली राहायला हवे होतो. अमोनिया गळाला तर माणूस मरू शकतो, आणि त्या दिवशी ते रजेवर असले तर? सगळं दडवणं भीतीपोटी असतं असं नाही. काही वेळा तो सरळ वरचढपणा असतो आणि त्याला वरिष्ठांनी जाब विचारायला हवा.

खाडीकाठ | १४ जून, दुपारी २.००

कातळ, पटलं. आणि वाईटही वाटलं. कॅथरीन कॉनेली आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये कामाच्या ठिकाणच्या ज्ञान दडवण्याचे तीन प्रकार सांगितले होते. ते वाचले तेव्हा मला आमच्या कारखान्यातली तोंडं दिसली. एक, "मला काय माहीत बाबा" म्हणून वेड पांघरणारा. दुसरा, "उद्या सांगतो" म्हणणारा किंवा अर्धवट सांगणारा. तिसरा, "सांगितलं असतं, पण साहेबांनी बाहेर बोलू नको म्हटलंय" असं कारण देणारा. तुमचे चहा मागवणारे दुसऱ्यात बसतील. माझ्या काकांना कुठे बसवू तेच कळत नाही, कारण त्यांना विचारलंच नव्हतं.

चाफ्याची वाडी | १४ जून, रात्री ८.४५

मी दापोली तालुक्यात रोपवाटिका चालवते. आंब्याची कोय कलमं. आता लवकरच कोयी रुजत घालू, म्हणून हा धागा जवळचा वाटला.

कोय कलमाचं सगळं लिहिलेलं आहे. दापोलीचं कोकण कृषी विद्यापीठ १९७२ चं, त्यांची पत्रकं आहेत, प्रात्यक्षिकं होतात. तांबूस पानांचं, पंधरा दिवसांच्या आतबाहेरचं कोवळं रोप घ्यायचं, तेवढ्याच जाडीची काडी घ्यायची, पाचर मारायची, प्लॅस्टिकच्या पट्टीने बांधायचं. लिहायला चार ओळी. पण पट्टी किती आवळायची हे मी आजवर एकाही मुलीला शब्दांत सांगू शकले नाही. "घट्ट, पण गळा आवळल्यासारखं नको" यापलीकडे माझी भाषा जात नाही. मी तिचा हात धरून पहिली वीस बांधते, मग ती माझ्यासमोर वीस बांधते, मग मी उठून जाते. संध्याकाळी तिच्याच कलमांवर तिचं नाव लिहिलेली पट्टी लावते. महिन्याने कुठली जगली ते तिचं तीच बघते. तुमची बेचाळीस पानं कपाटात का राहिली, मला वाटतं ते यात आहे.

गुहागर ते हिंजवडी | १४ जून, रात्री ९.३०

काकू, याला पोलान्यी नावाच्या विचारवंताने १९६६ मध्ये शब्द दिले होते: आपल्याला जेवढं सांगता येतं त्याहून जास्त आपण जाणत असतो. जपानच्या नोनाका यांनी पुढे याच धाग्यावर काम केलं. त्यांचं प्रसिद्ध उदाहरण म्हणजे मात्सुशिता कंपनीचं घरगुती पाव बनवायचं यंत्र. पाव नीट होईना, तेव्हा कंपनीची एक अभियंता ओसाकातल्या हॉटेलच्या मुख्य बेकरकडे जाऊन शिकली. तो पीठ ओढताना पिळतो हे तिने हाताने अनुभवलं आणि मग ती हालचाल यंत्रात आणली. आधी शेजारी उभं राहणं, मग शब्द, मग कागद. आपण सगळे कागदापासून सुरुवात करतो.

पर्सोनेल खातं | १५ जून, सकाळी ९.००

आमच्या वेळी मनुष्यबळ हा शब्द नव्हता, पर्सोनेल म्हणायचे. चौतीस वर्षं त्यात काढली, आता चिपळूणला असतो. ताई, थोडं कामाचं लिहितो.

पहिलं म्हणजे जन्मतारखांची यादी काढा. पुढच्या पाच वर्षांत कोण निवृत्त होणार हे तुमच्या हजेरीपटात आजच लिहिलेलं आहे. प्रत्येकासमोर लिहा, हा माणूस उद्या आला नाही तर काय बंद पडेल. जिथे काही बंद पडेल तिथे दोन वर्षं आधी जोडीदार द्या. निवृत्तीच्या महिन्यात "हँडओव्हर" म्हणून जे होतं त्यातून किल्ल्यांपलीकडे काही मिळत नाही.

दुसरं, शिकवणाऱ्याला पद द्या. "प्रशिक्षक फिटर", "प्रशिक्षक ऑपरेटर", जे शोभेल ते. पत्र द्या, भत्ता द्या, आणि त्या पत्रात स्पष्ट लिहा की शिकवल्यामुळे त्याचं काम, विभाग किंवा पगार बदलला जाणार नाही. युनियन असेल तर त्यांच्यासमोर वाचा. तुमच्या त्या बॉयलर अटेंडंटच्या पत्राने जे केलं ते दुसऱ्या पत्रानेच पुसायला हवं. आणि तो माणूस अजून कामावर असेल तर त्याला आधी परत बॉयलरवर आणा. त्याशिवाय तुमच्या योजनेवर कोणी विश्वास ठेवणार नाही, हे मी अनुभवाने सांगतो.

तिसरं, शिकवायची रीत. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत कारखान्यांत नवखी माणसं भरावी लागली तेव्हा, १९४० ते १९४५ मध्ये, मुकादमांना शिकवायला शिकवण्याचा मोठा कार्यक्रम झाला. पुढे तो जपानला गेला आणि टोयोटाच्या पद्धतींत मुरला. चार पायऱ्या: शिकणाऱ्याची तयारी, करून दाखवणं, त्याच्याकडून करून घेणं, आणि नंतर जाऊन बघत राहणं. त्यांचा दंडक होता की कामगार शिकला नसेल तर शिकवणाऱ्याने शिकवलेलं नाही. चाफ्याची वाडी ताईंनी नेमकं हेच लिहिलं आहे, आणि त्यांना हा कार्यक्रम कोणी सांगितलाही नसेल.

वेळ मात्र पाळीतलीच द्या. सुटल्यावर थांबवत असाल तर जादा वेळेचा दुप्पट दर द्यावा लागेल, आणि दमलेला माणूस शिकवतही नाही. तुमचा कारखाना हंगामी आहे, हे उलट वरदान आहे. पावसाळ्यात सीमर उघडून दुरुस्तीला काढत असाल ना? काकांना तेव्हा बोलवा. मे महिन्यात चालत्या यंत्रावर कोण शिकवणार?

शिकाऊ उमेदवार घेत नसाल तर घ्या. १९६१ चा कायदा आहे, आणि २०१६ च्या प्रोत्साहन योजनेत विद्यावेतनाचा काही भाग सरकारकडून मिळतो.

बोंडू | १५ जून, सकाळी ९.४०

काका, जन्मतारखांची यादी आजच काढतो. आमच्या मावशी एकोणसाठच्या आहेत. लिहिताना पोटात गोळा आला.

कातळ | १५ जून, दुपारी १२.१५

पर्सोनेल काका, आणि जो पद, भत्ता देऊनही शिकवणार नाही त्याचं काय?

पर्सोनेल खातं | १५ जून, दुपारी १.००

वार्षिक मूल्यमापनात "तुमच्या हाताखाली या वर्षी कोण तयार झालं" हा रकाना ठेवायचा, आणि ज्याच्याकडे माणसं आहेत त्याची पुढची बढती त्या रकान्याशिवाय करायची नाही. उत्तर मात्र शिकणाऱ्याकडून काम करून घेऊन तपासायचं, साहेबांच्या सांगण्यावरून नाही. अमोनियासारख्या ठिकाणी एवढ्यावर थांबूही नका. सुरक्षिततेचं ज्ञान अडवून ठेवणं हा शिस्तीचा विषय आहे. तिथे एकच जाणता माणूस असणं हीच मालकाची चूक, तो नात्यातला असो की नसो. लेखी मागणी करा, एकट्याने नको, तिघा-चौघांच्या सह्यांनी.

खाडीकाठ | ८ जुलै, रात्री १०.२०

सांगते म्हणाले नव्हते, पण सांगायला हवं.

मालकांशी दोन बैठका झाल्या. पाचशे रुपयांची योजना बारगळली. बॉयलर अटेंडंट एक जुलैपासून पुन्हा बॉयलरवर आहेत, "प्रशिक्षक" म्हणून, भत्त्यासह. मी स्वतः जाऊन पत्र दिलं आणि माफी मागितली. त्यांनी पत्र दोनदा वाचलं, घडी करून खिशात ठेवलं आणि म्हणाले, "पोरगा कुठाय?" स्वतःहून सांगितलेल्या चुकीवर मेमो नाही, हेही सूचना फलकावर लागलं, मालकांच्या सहीने. मूल्यमापनाचा रकाना या वर्षी मिळाला नाही. व्यवस्थापकांचा विरोध आहे. तो मी सोडलेला नाही.

फिटरकाका मंगळवार-शुक्रवार येतात, दिवसाच्या मानधनावर. सीमर पूर्ण उघडलाय. त्यांची एकच अट होती: ज्या पोराला शिकवीन त्याला दोन हंगाम दुसऱ्या कामाला लावायचं नाही. ती पत्रात घातली. पहिल्या दिवशी त्यांनी पोराला काहीच सांगितलं नाही, नुसता कापलेल्या सीमांचा ढीग दिला आणि चांगल्या-वाईट वेगळ्या करायला लावल्या. डोळे मिटून, अंगठ्याने. चौथ्या दिवशी पोराचं बरोबर यायला लागलं.

गुहागरकर, तुमचं मानून आम्ही सेटिंगचा तक्ता बनवतोय, यंत्राशेजारी लावायला, काकांच्या नावाने. काकांनी तो बघितला आणि म्हणाले, आधी त्यांचं नाव लिहा ज्यांनी मला शिकवलं, माझं त्यांच्या खाली, आणि खाली पोरासाठी जागा सोडा. काकांच्या त्या गुरूंना सगळे तात्या म्हणायचे, पूर्ण नाव काकांनाही आठवत नाही. कारखाना सुरू झाला तेव्हाचे ते फिटर. तेव्हाचे हजेरीपट २००५ च्या पुरात भिजले. नाव कुठे मिळेल?

पर्सोनेल खातं | ८ जुलै, रात्री ११.१०

भविष्य निर्वाह निधीचा जुना फॉर्म ६-अ बघा. दरवर्षी सगळ्या सभासदांची नावं त्यात जायची, आणि त्याची एक प्रत अकाउंट्सच्या लोखंडी कपाटात असते. खालच्या खणात शोधा, वरच्या नाही.

खाडीकाठ | ९ जुलै, दुपारी ३.३५

खालच्याच खणात होता. नाव मिळालं. तक्ता आज रंगवायला दिला.